मठारकामाचीं तांब्याचीं भांडीं : त्यांची परीक्षा आणि त्यांवरील नांवें

वाकाटकांच्या इतिहासाशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांस प्रभावतीगुप्तेचा पुणें ताम्रपट माहीत आहेच. प्रभावती ही गुप्तसम्राट् दुसरा चंद्रगुप्त याची कन्या आणि वाकाटक नृपति दुसरा रुद्रसेन याची राणी. पतीच्या मागें अल्पवयी युवराज दिवाकरसेन याच्या वतीनें राज्यकारभार पहात असतां तिनें नंदिवर्धनाहून हें दानपत्र दिलें. आणि वाकाटकांच्या कालाचा निर्णय करण्यास तोच पट मुख्य आधार झाला. परंतु हा पट सांपडला कोठें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत रहात नाहीं. तो कोण्या देवळाच्या पायांत किंवा शेताच्या बांधांत सांपडलेला नाहीं. मूळच्या अहमदनगरच्या व पुढें पुण्यास येऊन राहिलेल्या एका तांबटाच्या घरीं तो पिढ्यान्‌पिढ्या जपलेला होता. ज्याचा धंदाच जुनें तांबें मोडून नवें घडविण्याचा, त्याच्या घरीं दीड हजार वर्षांचें तांबें मुशींत न जातां राहिलें.

ह्या गोष्टीची दुसरी बाजू आम्हां संग्राहकांस फारशी भूषणावह नाहीं. आम्ही तांबटाच्या दुकानांत जातों तें ‘एखादा पट आला आहे काय’ एवढें विचारण्यास. उत्तर नकारार्थी मिळालें कीं माघारी फिरतों. त्याच वेळीं दुकानाच्या कोपऱ्यांत मोडीसाठीं आलेल्या हंड्याकळशांची रास पडलेली असते व त्यांतील निम्म्यांवर अक्षरें असतात. तीं अक्षरें कोणीं पाहात नाहीं. प्रस्तुत लेखकानेंही चाळीस वर्षें पाहिलीं नाहींत. पोथ्यांच्या शोधांत यवतमाळ जिल्हा मागें नाहीं; य. खु. देशपांडे यांनीं महानुभाव वाङ्मयाचा जो शोध केला व यवतमाळच्या शारदाश्रमांत ज्या पोथ्या जमविल्या त्या सर्वश्रुत आहेत. ज्या घरांतून त्या पोथ्या आल्या त्याच घरांच्या न्हाणींत नांवें कोरलेलीं घंगाळें होतीं. तीं आतां झपाट्यानें नाहींशीं होत आहेत. म्हणून अशा भांड्यांची परीक्षा कशी करावी व त्यांवरून काय निष्पन्न होतें, हें अनुभवास आलें तसें येथें मांडतों.

प्रथम शब्दाचा विचार. अमरकोशांत तांब्याचा धंदा करणाऱ्यास दोन नांवें दिलीं आहेत, शौल्बिक व ताम्रकुट्टक. पहिलें शुल्ब म्हणजे तांबें ह्यावरून आलें; दुसरें ‘तांबें कुटणारा’ ह्या अर्थाचें. आमचा ‘तांबट’ ह्या दुसऱ्याचाच वंशज होय. शब्दांतच धंद्याचें मर्म आहे : ओतारी ओततो, तांबट कुटतो. चैत्रवैशाखांत आमच्या कळंबास चिंतामणीच्या देवळाकडील झाडांतून दुपारभर एकसारखा ‘टुक् टुक्’ असा आवाज येत असतो. त्या पक्ष्यासही लोक तांबटच म्हणतात. ज्यानें प्रथम हें नांव ठेविलें त्याच्या कानांत खऱ्या तांबटाच्या हातोड्याचा ठेका मुरलेला असला पाहिजे. अलीकडे मुलांस पक्षी माहीत असतो, कारागीर माहीत नसतो; वर्गांत हा शब्द समजावून सांगतांना मला उपमान व उपमेय यांची अदलाबदल करावी लागे.

रसशास्त्रकारांनीं तांब्याचे दोन भेद मानिले आहेत. रसरत्नसमुच्चयांत नेपाल व म्लेच्छ असे हे भेद येतात व त्यांत नेपाल श्रेष्ठ ठरविला आहे. श्रेष्ठ तांब्याचीं जीं लक्षणें तेथें सांगितलीं, तीं म्हणजे मृदुपणा, लाली, जडपणा आणि घणाचा घाव सोसण्याची शक्ति. वैद्यानें सांगितलेलीं हीं लक्षणें तांबटानें सांगितल्यासारखीं आहेत. शुद्ध तांबें कितीही ठोकलें तरी पसरत जातें. त्यांत हिणकस धातु असेल तर तें कांठाशीं चिरतें. विदर्भांत तर ही विद्या फारच जुनी आहे. नागपूरच्या आसपास टाकळघाट-खापा, माहुरझरी वगैरे ठिकाणच्या शिळावर्तुळांच्या उत्खननांत घोड्यांच्या साजावरील तांब्याचे अलंकार व पक्ष्याची आकृति बसविलेलीं तांब्याचीं झांकणें निघालीं आहेत. तीं ख्रिस्तपूर्व सहस्रकांतील होत. परंतु आपल्याला पाहावयाचीं तीं भांडीं फार तर दोनशें वर्षांच्या आंतलीं. म्हणून हा विषय येथेंच सोडतों.

महाराष्ट्रांत ह्या कामाचें मोठें केंद्र म्हणजे पुण्याची कसबा पेठेंतील तांबट आळी. पेशवाईंत राजधानीच्या आश्रयानें हा धंदा तेथें भरभराटीस आला. सन १८८५ च्या सुमारास निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत पुणें शहरच्या धंद्यांचें वर्णन करितांना मोठीं भांडीं तांबट करितात, लहान जिनसा जिनगर करितात व ओतीव काम ओतारी करितात, अशी वांटणी दिली आहे. आमच्या बाजूस पितळेच्या कामासाठीं भंडाऱ्याचें नांव प्रसिद्ध आहे. वऱ्हाडांत लग्नकार्याचीं मोठीं भांडीं पुष्कळदां बाहेरून येत व डागडुजी, कल्हई एवढें काम गांवोगांव फिरणारे लोक करीत. म्हणून कळंबास सांपडलेलें भांडें कळंबचेंच असें धरून चालूं नये.

आतां घडण. ही ज्यानें एकदां डोळ्यांनीं पाहिली त्यास परीक्षेचे निम्मे नियम सांगावे लागत नाहींत. पत्र्याचा वाटोळा तुकडा कापून तो भट्टींत लाल होईपर्यंत तापवितात व पाण्यांत विझवितात. पोलाद असें विझविलें तर कडक होतें. तांब्याची तऱ्हा उलट. तापविल्यानें तें मऊ पडतें व पाण्यांत टाकल्यानें त्यावरची काळी खपली तेवढी सुटते. मग लांकडाच्या खोलगट ठोकळ्यावर आंतून ठोकून त्यास वाटीचा आकार देतात व पुढें लांब लोखंडी खुंटावर अडकवून बाहेरून ठोकीत पोट, खांदा, गळा असें चढवीत नेतात. ठोकतां ठोकतां तांबें पुन्हां ताठ होतें. तसेंच ठोकीत राहिलें तर फाटतें, म्हणून पुन्हां भट्टी, पुन्हां पाणी. एका हंड्यास असे कित्येक फेरे होतात. मोठें भांडें एका तुकड्यांतून निघत नाहीं. बूड, पोट व गळा वेगवेगळे करून सांधतात. सांध्याच्या कडेस कात्रीनें दांते पाडतात, एक दांता आंत व एक बाहेर असे ते दुसऱ्या तुकड्याच्या कडेवर बसवितात व पितळेची पूड व टाकणखार घालून झाळतात. नंतर तो सांधा ठोकून सपाट करितात. चिंचेच्या पाण्यानें भांडें उजळून निघालें कीं ह्या सांध्याची पिवळसर नागमोडी रेघ दिसूं लागते.

सर्वांत शेवटीं मठार. तोंड आरशासारखें घासलेला हातोडा घेऊन तांबट खुंटावर भांडें फिरवीत ओळीनें घाव घालीत जातो. प्रत्येक घावाचें एक चकाकतें, किंचित् खोल बोट उमटतें. त्याच्या शेजारीं दुसरें, त्याला खेटून तिसरें. ओळ पुरी झाली कीं तिच्याखालीं दुसरी. पाहणारास ही नक्षी वाटते. नक्षी ती आहेच, परंतु तिचें मूळ गरजेंत आहे. शेवटच्या तापवणीनंतर भांडें इतकें मऊ असतें कीं पाणी भरून उचललें तर पोचे पडतील. मठाराच्या घावांनीं तें ताठ होतें, त्यास बळ येतें. अर्थात् मठार हा भांड्यावर चढविलेला अलंकार नव्हे. त्याच्या शक्तीचेंच तें दृश्य रूप होय.

येथें थोडें विषयांतर करणें अवश्य आहे, कारण ह्याच घावांनीं विलायतेंत एकेकाळीं मोठा वाद उपस्थित केला. जॉन रस्किन व विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) यांच्या विचारांतून इंग्लंडांत यंत्राच्या मालाविरुद्ध हस्तव्यवसायाची जी चळवळ उठली तिला १८८७ सालीं निघालेल्या प्रदर्शन-मंडळीवरून ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स’ असें नांव पडलें. केझिक येथें १८८४ त निघालेली कलाशाळा, कॉर्नवॉलांतील न्यूलिन हें कोळ्यांचें गांव, चार्ल्स अ‍ॅशबी यांनीं १८८८ त लंडनांत स्थापिलेला कारागिरांचा संघ, ह्या ठिकाणीं तांब्याचीं ताटें, पेले, दिवे हातानें ठोकून होऊं लागले. अमेरिकेंत ईस्ट ऑरोरा येथील रॉयक्रॉफ्टचे लोक व सान फ्रान्सिस्कोचे डर्क व्हॅन अर्प (१८६०–१९३३) हे ह्याच पंथाचे. त्यापूर्वीं तिकडचा चांगला कारागीर हातोड्याच्या खुणा घासून नाहींशा करी; ह्या मंडळींनीं त्या मुद्दाम ठेविल्या. भांडें माणसाच्या हातानें झालें ह्याचा तो दाखला ठरला. मग व्हावयाचें तेंच झालें. यंत्रानें दाबून काढलेल्या वस्तूंवरही हातोड्याच्या खुणा उठूं लागल्या, स्वस्त विकूं लागल्या, आणि अ‍ॅशबींचा संघ १९०८ सालीं बुडाला.

ह्या चळवळीचा आपल्या देशाशीं संबंध आहे. लॉकवुड किपलिंग हे १८६५ पासून दहा वर्षें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत होते, जॉर्ज बर्डवुड यांचा हिंदी हस्तव्यवसायांवरील ग्रंथ १८८० त निघाला, आणि आनंद कुमारस्वामी यांच्या ‘दि इंडियन क्राफ्ट्समन’ (१९०९) ह्या पुस्तकास प्रस्तावना अ‍ॅशबींचीच आहे. पश्चिमेकडील सुधारक जो आदर्श शोधीत होते तो त्यांस आमच्या पेठांत दिसला. आम्हीं मात्र त्याच सुमारास गुळगुळीत यंत्राचा पत्रा सुधारणेचें चिन्ह मानूं लागलों. मद्रासेस अल्फ्रेड चॅटरटन यांनीं १८९८ त अल्युमिनमचीं भांडीं करविण्यास आरंभ केला तो, गमतीची गोष्ट अशी, तांबटी पद्धतीनें ठोकूनच.

आज त्या विलायती व अमेरिकन भांड्यांचे संग्राहक मोठ्या किंमती देतात. ती किंमत प्रायः बुडावरच्या शिक्क्याची असते. केझिकच्या शाळेचीं आद्याक्षरें, रॉयक्रॉफ्टचें वर्तुळावरील क्रूसाचें चिन्ह, व्हॅन अर्पची पवनचक्की, हीं दिसलीं कीं वस्तु कोणाची व साधारण कोणत्या सालची हें ठरतें. आमच्या हंड्यावर असा शिक्का शोधूं जाल तर बहुधा निराश व्हाल. तांबटानें आपलें नांव घातलें नाहीं. भांड्यावर नांव आहे तें ज्याचें भांडें त्याचें, किंवा ज्यानें दिलें त्याचें. तिकडच्या वस्तूवरून कर्त्याचा इतिहास लिहितां येतो, इकडच्या वस्तूवरून घराचा. संशोधकाच्या दृष्टीनें कोणतें अधिक मोलाचें हें ज्यानें त्यानें ठरवावें; पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव नसून मालकाचें असलें तरी आपण ती फेंकून देत नाहीं.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. भांडें हातीं आलें कीं प्रथम आंतून पाहावें. हाताचा मठार असेल तर बाहेरच्या प्रत्येक बोटाची अंधुक जाणीव आंत बोट फिरवितांना होते व दोन ओळींमधील अंतर कमीजास्त असतें. सांच्यांत दाबलेल्या मालांत एकच खूण ठराविक अंतरानें पुनः पुनः येते. एखादें वांकडें बोट धरून तें पुढें कोठें पुन्हां येतें काय हें शोधावें, आलें तर सांचा निश्चित. चरकावर पत्रा दाबून काढलेल्या भांड्यास समकेंद्र रेघा असतात. मात्र रेघा दिसतांच भांडें टाकूं नये, कारण ठोकीव भांडेंही कधीं कधीं चरकावर घासून साफ करीत. कांठाची जाडी चार ठिकाणीं मोजावी. यंत्रांत लाटलेल्या पत्र्याची जाडी कांठाशीं सारखी येते. लगडीपासून हातानें पसरलेल्या तांब्यांत ती बदलते. सतराव्या-अठराव्या शतकांत डच व्यापारी जपानचें तांबें पुष्कळ आणीत, मागून इंग्रज कंपनीनें आपल्या देशाचें आणलें, आणि एकोणिसाव्या शतकांत लाटलेले तयार पत्रे मुंबईच्या मार्गें येऊं लागले. म्हणून विषम जाडीचें भांडें जुनें असण्याचा संभव अधिक. संभव म्हणतों, प्रमाण म्हणत नाहीं. कारण गरीब तांबट जुनी मोड वितळवून केव्हांही लगड करीत असे.

तरीही जी चूक नवे संग्राहक हटकून करितात ती ह्याच्या पुढची आहे. हातानें ठोकलेलें म्हणजे जुनें, असें ते मानतात. पुण्याच्या तांबट आळींतला हातोडा अद्याप बंद पडलेला नाहीं. कुटुंबें थोडीं राहिलीं असलीं तरी गेल्या महिन्यांत घडलेला मठाराचा तांब्या आज विकत मिळतो, आणि चिंच, मीठ व थोडा धूर यांच्या साह्यानें तो आठ दिवसांत शंभर वर्षांचा दिसूं लागतो. मठार हातकामाचा पुरावा आहे, वयाचा नव्हे. वयाचा पुरावा झिजेंत शोधावा : कडी जेथें घासते तेथें कान पातळ झालेला असावा, बुडाची कड चुलीच्या वा जमिनीच्या बाजूस गुळगुळीत व्हावी, डागडुजीचे दोनतीन निरनिराळे थर दिसावेत. झीज नेहमीं उपयोगाला अनुसरून असते. घागरीची झीज कमरेवर टेंकणाऱ्या बाजूस असावयाची, कांठाच्या आंत नव्हे.

आणि मग अक्षरें. नांव घालणारा छिन्नीनें टिंबाशेजारीं टिंब देऊन अक्षर काढी. प्रत्येक टिंब सुटें असतें व त्याच्या तळाशीं तोच काळपट रंग असतो जो भोंवतालीं आहे. अलीकडे विजेच्या यंत्रानें काढलेलें अक्षर सलग, किंचित् थरथरल्यासारखें दिसतें. जुन्या भांड्यावर नवी अक्षरें कोरून शक मागें नेण्याचे प्रकार माझ्या पाहण्यांत आले आहेत. अशा वेळीं टिंबाच्या तळाशीं लाल तांबें चमकतें किंवा मुद्दाम भरलेला काजळीचा मळ बोटास लागतो. शकांत ७८ मिळविले असतां इसवी सन येतो, पौषांत इंग्रजी वर्ष पालटल्यावर फाल्गुनाअखेर ७९. दक्षिणी फसली असेल तर ५९० अथवा ५९१ मिळवावे. परंतु शकावरून सिद्ध होतें तें इतकेंच कीं त्या वर्षीं भांडें अस्तित्वांत होतें. तें त्याच वर्षीं घडलें असें नाहीं. आजीचा हंडा नातीच्या लग्नांत दिला व त्यावर नवें नांव घातलें, असें पुष्कळ वेळां होई. दोन नांवें एकावर एक असतील तर खालचें आधीं वाचावें.

कांहीं भांड्यांच्या बुडाशीं वजन कोरलेलें असतें. हें फार उपयुक्त साधन आहे. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. दशमान वजनें १९५६ च्या कायद्यानें येऊन पुढील पांचसहा वर्षांत सर्वत्र रूढ झालीं. तेव्हां शेरांत वजन असलेलें भांडें बहुधा त्यापूर्वीचें. कोरलेलें वजन व आजचें वजन ताडून पाहावें. राळेगांवाकडील एका घरच्या हंड्यावर साडेसहा शेर असें होतें, म्हणजे सहा किलोहून थोडें अधिक. काट्यावर तो साडेपांच किलोही भरेना. बारकाईनें पाहतां त्याचा मूळ गळा कापून हलका गळा झाळलेला आढळला. घरच्या कोणास हें ठाऊक नव्हतें. स्थानिक शेर निरनिराळे असत, हें मात्र हिशेबांत धरावें लागतें.

ह्या नांवांकडे मीं कसा वळलों तें सांगणें भाग आहे. आमच्या घरीं आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेली वंशावळ आहे. सात पिढ्यांचे पुरुष तींत क्रमानें आहेत. बायकांचीं नांवें नाहींत. निवृत्तीनंतर ती नीट लिहून काढावी म्हणून बसलों तेव्हां पणजीचें नांव घरांत कोणासच येईना. वडील गेले होते. आत्या ‘थोरली आई’ एवढेंच म्हणे. त्या वर्षीं दिवाळीस अडगळींतलें घंगाळ बाहेर काढलें. लहानपणीं अभ्यंगस्नानाचें पाणी त्यांतच असे आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीं तें विटेच्या भुकटीनें व चिंचेनें घासून लखलखीत करण्याचें काम माझ्याकडे असे. मला त्याचा मोठा अभिमान वाटे. कांठावर कांहीं खरखर लागे ती घासून जावी म्हणून मी तेथें विशेष जोर करीं. आतां कांठ उजेडांत तिरका धरला, तेव्हां ती खरखर अक्षरें होतीं असें दिसलें. वाचतां आलें तें असें : ‘…बाई इस बापाकडून दारव्हें शके १८१९’. म्हणजे १८९७–९८. आजोबांचा जन्म त्यानंतरचा. घंगाळ पणजीच्या लग्नांतलें यांत शंका नाहीं. तिचें माहेर दारव्ह्याचें, हें घराण्यांत प्रथमच कळलें. नांवाचीं पहिलीं तीन किंवा चार अक्षरें गेलीं आहेत. तीं माझ्या हातानें गेलीं.

त्या घंगाळाबरोबर घरांत तीन हंडे होते. सन १९७४ च्या सुमारास आईनें ते मोडींत घालून स्टेनलेस पोलादाचीं भांडीं घेतलीं. तिला दोष देण्याचें कारण नाहीं. कळकलेल्या हंड्यास कल्हई लावणारा वर्षांतून एकदां येई, आणि पोलाद घासण्यास हलकें. सायकलीस बांधून ते दुकानापर्यंत मींच नेले. दुकानदारानें कांठ दगडावर आपटून तांब्याचा आवाज ऐकला, तोलले व एका बाजूस टाकले. लेखणी हातीं धरणाऱ्या मुलानें त्यांवर कांहीं लिहिलें आहे काय हें पाहिलें नाहीं. मोडी अक्षरें वाचण्याचा छंद मला पुढें लागला. मोडींत गेलेलीं अक्षरें वाचण्याची संधि आधींच गेली होती.

तेव्हांपासून कळंब, बाभुळगांव, जोडमोहा, राळेगांव ह्या भागांतील ओळखीच्या घरीं गेलों कीं मी आधीं न्हाणी व अडगळ पाहतों. नांवें वहींत उतरून घेतों. आढळतें असें कीं ज्या घराण्यांच्या कागदांत स्त्रियांची नांवें नाहींत त्यांच्या भांड्यांवर तीं आहेत, कारण भांडें बहुधा लग्नांतलें, आणि लग्नांत दिलेलें भांडें मुलीच्या नांवाचें. माहेरचें गांव, क्वचित् मामाचें नांव, शक व तिथि, इतकी माहिती एका कांठावर मिळते. जमाखर्चाच्या वह्यांत जें ‘लग्नखर्च’ ह्या एका ओळींत संपतें तें येथें व्यक्तीसह दिसतें. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ पर्यंत वऱ्हाडच्या कापसास जो भाव चढला त्या पैशाचा कांहीं भाग भांड्यांत गेला असावा, असा माझा तर्क आहे. परंतु त्या वर्षांचें शकांकित भांडें अजून मला मिळालेलें नाहीं, म्हणून तो तर्कच समजावा.

अक्षरें उतरण्याची रीत ताम्रपटाचीच आहे. अक्षरांवर तांदळाची बारीक पिठी बोटानें चोळून फुंकर घातली म्हणजे टिंबें पांढरीं उठतात. मग तिरक्या उजेडांत छायाचित्र घ्यावें. पातळ कागद ठेवून पेन्सिलीच्या शिशानें हलका ठसा काढला तर मापही मिळतें. त्यापूर्वीं भांडें घासूं नये. चिंच, लिंबू, वीट, राख व बाजारांत मिळणाऱ्या चकाकीच्या पुड्या ह्यांतील प्रत्येक वस्तु प्रत्येक वेळीं तांब्याचा एक थर नेते. तपकिरी वा काळा रंग हा मळ नव्हे, तो धातूचें रक्षण करितो. हिरवा जंगाल भुकटीसारखा सुटत असेल तर मात्र भांडें कोरड्या जागीं, मिठापासून व दमट भिंतीपासून दूर ठेवावें व जाणकारास दाखवावें. आंतील जुनी कल्हई खरवडूं नये. नवी तर अक्षरें कोरलेल्या भांड्यास मुळींच लावूं नये. कथील २३२ अंशांस वितळतें हें खरें, पण कल्हईवाला भांडें त्याहून पुष्कळ तापवितो, आणि नवसागराचा हात कांठापर्यंत जातो.

कायद्याविषयीं दोन शब्द. शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याखालीं येते व ती परदेशीं धाडतां येत नाहीं. परदेशस्थ नातलगांस आजीची कळशी भेट पाठविणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. शेतांत नांगरास लागलेला हंडा, मग तो रिकामा असो कीं नाण्यांचा असो, १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याची आठवण ठेवूनच हाताळावा. आंतल्या नाण्यांसाठीं हंडा फोडल्याचीं उदाहरणें आहेत, आणि त्या हंड्याची कोणीं नोंद केली नाहीं.

अशा संग्रहाचा धडा घ्यावयाचा तर पुण्यास दिनकर केळकर यांनीं जमविलेलें संग्रहालय पाहावें. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांनीं अडकित्ते, दिवे, दौती, भांडीं, इतरांनीं मोडींत घातलेल्या वस्तु, आयुष्यभर गोळा केल्या व त्यांस आपल्या दिवंगत मुलाचें नांव दिलें. अहमदाबादेस ‘विचार’ नांवाचें केवळ भांड्यांचें संग्रहालय आहे. दोन्ही ठिकाणीं वस्तूंचें वैपुल्य पाहून थक्क व्हावयास होतें. माझ्यासारख्याचें मन मात्र कांठावरच्या अक्षरांशीं अडतें. गांवोगांवच्या संग्राहकांनीं सगळीं भांडीं विकत घ्यावींत असें मी म्हणत नाहीं, तेवढी जागाही कोणाकडे नसते. ठसा, वजन, उंची, कांठाची जाडी, सांध्यांची संख्या व कोणत्या घरीं पाहिलें, इतकें टिपून भांडें त्या घरींच राहूं द्यावें. घरधन्यास अक्षरें वाचून दाखविलीं तर तो तें बहुधा मोडींत घालीत नाहीं.

मुलीस आहेर करितांना बाप पुष्कळदां जोडीनें भांडीं देई, घंगाळाबरोबर हंडा व कळशी, आणि नांव घालणारा एकाच बैठकींत तिन्हींवर एकच मजकूर कोरी. दोन मुलींचीं लग्नें एका मांडवांत झालीं तर दोघींच्या भांड्यांवर शक व गांव एकच येई. दारव्हें येथील किंवा तेथून विवाहसंबंधानें इतरत्र गेलेल्या कोणा वाचकाच्या घरीं शके १८१९ चें, ‘बापाकडून’ असा मजकूर असलेलें, टिंबांच्या बाळबोध अक्षरांचें एखादें भांडें असेल, तर त्याचा ठसा घासण्यापूर्वीं घ्यावा व मंडळाकडे पाठवावा. घंगाळाच्या कांठावरील ‘द’ची मान डावीकडे झुकलेली आहे व ‘श’चा शेवटचा टिंब ओळीच्या खालीं उतरला आहे, तोच हात ओळखण्यास एवढी खूण पुरेशी होईल.